चिताऱ्याचा टिळा आणि नाकेदाराचा रथ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्यात रस्ते थोडे होते आणि लोकांकडे वेळ भरपूर होता. त्या राज्याच्या वेशीवर एक जकातनाका होता आणि त्या नाक्यावर एक नाकेदार होता. येणाऱ्याजाणाऱ्या रथांना थांबवायचं, आत डोकावायचं आणि सोडून द्यायचं, यात त्याचं अख्खं आयुष्य गेलं. राज्यातले सगळे रथ त्याने पाहिले होते. बसला मात्र एकातही नव्हता.

नोकरी संपली तेव्हा दरबारातून त्याला एक शेला आणि एक नारळ मिळाला. नारळ त्याच दिवशी वाटणात गेला. शेला खांद्यावर टाकून तो ओसरीवर बसला आणि बायकोला म्हणाला, "आपण रथ करू."

त्या काळी दूरच्या एका गावचे सुतार सुटे रथ विकत. चाकं, आस, दांडी, जू, कठडे, छत्री, सगळं वेगवेगळं बांधून यायचं, सोबत खुंट्यांची एक पिशवी. ज्याने त्याने आपल्या अंगणात जोडून घ्यायचं. शहाणे लोक असला रथ घेत नसत. नाकेदाराने घेतला.

बोजे अंगणात उतरले त्या दिवशी तो जेवायचं विसरला. चाक उभं करून त्याने हाताने फिरवलं. ते फिरलं याचं त्याला एवढं कौतुक वाटलं, की शेजाऱ्याला बोलावून त्याने ते पुन्हा फिरवून दाखवलं. शेजारी म्हणाला, चाक आहे, फिरायचंच. पण जाताना त्यानेही एकदा फिरवून पाहिलं.

नाकेदारीणबाईंचं माहेर घाटापलीकडे होतं. तिथल्या देवीची दसऱ्याची जत्रा त्यांनी लग्नानंतर पाहिलीच नव्हती, आणि आता गुडघ्यांनी घाट चढायला साफ नकार दिला होता. नाकेदाराने त्यांना शब्द दिला, की येत्या दसऱ्याला तुला जत्रेत नेईन, तेही आपल्या रथातून. एवढ्यावर थांबला तर तो नाकेदार कसला. त्याने मेहुण्यालाही निरोप धाडला. मेहुण्याचा उलटा निरोप आला, की वेशीवर वाजंत्री उभी करतो; आणि रथ नाहीच झाला, तर ताईला आणायला आमची कडब्याची गाडी आहेच, ती धुऊन ठेवतो.

नाकेदारीणबाईंनी तो निरोप ऐकून घेतला आणि पदर खोचून त्या खुंट्या निवडायला बसल्या.

रथ जोडण्याआधी रंगवायचा, अशी तिथली पद्धत होती. जोडल्यावर सांध्यात रंग शिरत नाही, पाणी मात्र शिरतं. म्हणून नाकेदाराने सगळे भाग नगरातल्या चिताऱ्याकडे पोचवले. सगळे, एकदम. घरी खुंट्यांची पिशवी तेवढी उरली.

चितारी मोठा गुणी माणूस होता. त्याने भिंतीवर चितारलेल्या पोपटासमोर मांजरं दबा धरून बसत. त्याने प्रत्येक भागावर तांबड्या रंगाचा एकेक टिळा लावला आणि म्हणाला, "घेतलं काम." चिताऱ्यांच्या जमातीत अशी रीत होती, की एकाचा टिळा लागलेल्या वस्तूला दुसऱ्याने कुंचला लावायचा नाही. टिळा लागला म्हणजे लग्न लागलं.

मग नाकेदाराने मान वर करून चिताऱ्याचं अंगण पाहिलं. तिथे टिळे लागलेल्या वस्तूंचा बाजार भरला होता. एका पालखीचा एकच दांडा रंगला होता. देवळाच्या दारावरच्या द्वारपालाला एक डोळा मिळाला होता आणि दुसऱ्याची तो वाट पाहत होता. एक पाळणा होता. तो ज्याच्यासाठी टाकला होता, तो आता आईचं बोट धरून स्वतःच पाळण्याची चौकशी करायला येत असे.

चितारी कधी नाही म्हणत नसे. रंगात घालायची लाख आली नाही, हवा दमट आहे, यंदा कुंचल्यासाठी आणलेले खारीच्या शेपटीचे केसच राठ निघाले, असं काही सांगून तो "उद्या" म्हणे. आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणे, की ऐकणारा आभार मानून घरी जाई.

नाकेदार आभार मानणाऱ्यांतला नव्हता. त्याचा आवाज नाक्यावर कमावलेला होता. त्याने चिताऱ्याच्या दारात अशी हाक मारली, की कौलांवरची कबुतरं उडाली. चिताऱ्याने मुकाट्याने कुंचला उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत चाकाचा एक आरा रंगवून दिला.

नाकेदार विजयी होऊन घरी आला. "आज एका आऱ्याला रंग लागला. पिवळा. काय झळकतोय म्हणून सांगू."

"आणि बाकीच्या आऱ्यांना?" बायकोने विचारलं.

"लागेल त्यांनाही. मी जातोय ना रोज."

"तोवर देवीच येईल आपल्याला भेटायला," नाकेदारीणबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

तो रोज जाऊ लागला. पण रोज ओरडणारे इतरही होते. पालखीवाले येत, देवळाचे पुजारी येत. जो जितका मोठ्याने ओरडे, तितका मोठा फटकारा त्याच्या वस्तूला मिळे. दसरा जवळ आला आणि रथाला मिळाले काही पिवळे आरे आणि कठड्यावरचं हत्तीचं शेपूट. शेपूट अप्रतिम होतं. हत्ती नव्हता.

एका सकाळी चितारी हत्तीचा पाय काढायला बसणार, एवढ्यात पाळणेवाली आली. तिने पोराला पुढे उभं केलं आणि पदर डोळ्यांना लावला. चिताऱ्याने कुंचला धुतला, पिवळा बाजूला सारून हिरवा खलला आणि तो पाळण्याकडे वळला. नाकेदार तिच्यावर भडकला. ती डोळे पुसत शांतपणे म्हणाली, "काल माझं फूल अर्धं सोडवून तुम्हीच नेलं होतंत त्यांना, काका."

चिताऱ्याने तेवढ्यात आपलं मन मोकळं केलं, की मी आळशी नाही हो, दिवसभर कुंचला खाली ठेवत नाही. पण निम्मा दिवस कुंचला धुण्यातच जातो.

नाकेदार तिथेच पायरीवर बसला. जत्रेच्या गर्दीत सगळे रथ एकदम नाक्याच्या कमानीत घुसत, तेव्हा एकही सुटत नसे. मग तो दंडुका घेऊन सगळ्यांना मागे रेटी आणि एकेक सोडी. हे त्याला जन्मभर येत होतं. इथे मात्र तो स्वतःच कमानीत घुसलेला रथ होता.

त्याने सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, की उद्यापासून ओरडणं बंद. एक वस्तू पुरी झाल्याशिवाय दुसरीला कुंचला लागायचा नाही. कल्पना सगळ्यांना पटली. फक्त पहिला नंबर आपला, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं होतं. पालखीवाले म्हणाले, आमचं काम देवाचं. पुजारी म्हणाले, आमचा देव मोठा. पाळणेवाली म्हणाली, माझं पोर आता बोहल्यावर चढेल. गलका वाढत चालला. नाकेदाराने घसा खाकरला.

"माझा रथ शेवटी," तो म्हणाला.

दसऱ्याचा वायदा सगळ्या नगराला ठाऊक होता, मेहुण्याचा निरोपही. पालखीवाले एकमेकांकडे बघू लागले आणि मग त्यांनीच पाळणा पुढे सरकवला.

घरी आल्यावर नाकेदाराने हे बायकोला सांगितलं, तेही बरंच आडवळणाने. त्या म्हणाल्या, "कडब्याच्या गाडीत टाकायला एक घोंगडी काढून ठेवते."

पण चिताऱ्याच्या अंगणात आता नवल घडत होतं. कुंचला एकदा हिरव्यात बुडाला की हिरवा संपेपर्यंत धुतला जात नव्हता. पाळणा पुरा झाला तेव्हा चितारी त्याच्याभोवती फिरून फिरून पाहू लागला. आपल्या हातून काही पुरं झालेलं त्याने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तो इतका खुलला, की जेवायलाही उठेना. मग पाळणेवाली त्याला भाकरी आणू लागली, पुजारी रंग खलू लागले आणि पालखीवाले दारात उभे राहून नवीन ओरडणाऱ्यांना परत पाठवू लागले. पाळणा गेला. पालखी गेली. द्वारपालाला दुसरा डोळा मिळाला आणि आपण कुठे उभे आहोत ते त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी रथ पुढे आला.

चिताऱ्याने आधी चाकं घेतली, मग कठडे, मग छत्री. ज्यांची कामं झाली होती त्यांतला एकही घरी गेला नव्हता. कोणी भाग धरले, कोणी उन्हात फिरवले, कोणी फुंकरा मारल्या. दुपारपर्यंत शेपटाला हत्ती मिळाला. तिथेच अंगणात आस चाकांत गेली, दांडी बसली, छत्री उभी राहिली, आणि नाकेदार लहान मुलासारखा रथाभोवती पळत खुंट्या ठोकत सुटला. सगळं झाल्यावर एक खुंटी उरली. ती कुठली, हे कोणालाच सांगता येईना. नाकेदारीणबाईंनी ती कनवटीला लावली आणि देवीचं नाव घेऊन त्या रथात बसल्या.

बैल शेजाऱ्याचे होते, रथ स्वतःचा होता. दिवस मावळायच्या आत तो घाट चढला. दसऱ्याच्या सकाळी माहेरच्या वेशीवर वाजंत्री वाजू लागली आणि नाकेदारीणबाई लाल, पिवळ्या, हिरव्या रथातून खाली उतरल्या. लुगड्याला मागच्या बाजूने तिन्ही रंग लागले होते. त्यांना ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते मिरवलंच असतं.

मेहुण्याने खोड काढायला म्हणून कठड्यावर हात फिरवला. हात तांबडा झाला. तो हत्तीकडे बराच वेळ बघत राहिला. शेवटी नाकेदाराला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दाजी, या चिताऱ्याला आमच्या गाडीचं सांगा की. तुमचा शब्द तो मोडायचा नाही."

"सांगतो," नाकेदार म्हणाला. "रांगेत शेवटी उभे राहा."

तात्पर्य: जिथे जो तो आपलंच काम पुढे रेटतो तिथे कोणाचंच पुरं होत नाही; एक जण आपणहून मागे सरला, की सगळ्यांची वाट मोकळी होते.