मिठाच्या दुकानातलं भांडण

सांगा मंडळी, तागडी आणि मापटं एकमेकांच्या जिवावर उठली, तर भरवसा कोणावर ठेवाल?

वस्तू बोलत होत्या त्या काळी बसलिंगअप्पांच्या मिठाच्या दुकानात हेच झालं! चैत्रात मोठ्या खड्यांचं मीठ आलं, तशी पितळी तागडी ओरडली, "अप्पा, या मापट्याच्या पोटात मीठ कमी, हवाच जास्त! गिऱ्हाइकाला लुबाडतंय. चुलीत घाला!" अप्पांनी लाकडी मापटं उचलून सरपणात फेकलं.

श्रावणात गिऱ्हाईक सोनाबाई तरातरा आली. "काय हो अप्पा! शेरभर तोलून नेलं, तव्यावर वाळवलं तर पाऊण शेर! मीठ विकता की पाणी?"

अप्पा भडकले. "तागडे, तूही चोरच! आजच तुला वितळवतो."

तेवढ्यात सरपणाच्या तळाशी राहिलेलं मापटं ओरडलं, "थांबा अप्पा! तागडीनं वजन बरोबरच सांगितलं. त्यात पाणी किती, हे तिला कुठलं कळायला?"

"अरे, मी तर तुला जाळायला निघाले होते," तागडी पुटपुटली.

"चैत्रात तुझं खरंच होतं, बाई. आता श्रावण आहे, दमट हवेनं मीठ पाणी धरतं; त्यानं वजन वाढतं, माप नाही. अप्पा, मला बाहेर काढा."

तेव्हापासून अप्पा खडे तोलून देऊ लागले आणि ओलं मीठ मापून. म्हणून मंडळी, वहीत हिशेब खरा लिहा, आणि शेजारी त्या दिवशीची हवाही लिहा.