जी नायक म्हणणाऱ्या चार साळुंक्या

एका राज्यात, आणि त्याचं नाव मला विचारू नका, कारण तिथली माणसं ही गोष्ट अजून मान खाली घालून ऐकतात, सोमकेतू नावाचा राजा होता. राज्य डोंगरातलं. येण्याजाण्याची वाट एकच, ती घाटातून. त्या घाटात असं धुकं उतरे की पुढे चालणाऱ्याची पाठ मागच्याला दिसत नसे. दर साली पाच-दहा वाटसरू कड्यावरून पडून जात. तेव्हा राजाने ठरवलं की घाटमाथ्यावर मोठी घंटा टांगायची. तिच्या आवाजाच्या रोखाने चालत माणसं घरी पोचतील.

घंटेसाठी कासं निघालं राजवाड्याच्या तळघरातून. सात हंडे भरून. धन शापाचं होतं आणि त्याची राखण एक म्हातारी जोगीण करीत असे. तिने हंड्यांवरची झाकणं काढली आणि बजावलं, "ओतण्याच्या दिवशी कोणाचं खरं बोलणं दाबाल, तर मी येईन." राजा म्हणाला, "मान्य." राजांना मान्य म्हणायला काय जातं!

काम गेलं राजाच्या ओतशाळेत. तिथला नायक धारोजी. त्याच्यासारखा ओतारी दहा राज्यांत नव्हता, हे मी कबूल करतो. वितळलेल्या रसाचा रंग पाहून तो सांगे, आता उतरवा. कधी चुकला नाही. पण न चुकणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करून पाहिलंय कधी? नसेल केलं तर सुखी आहात.

हाताखाली पाच माणसं. साचे करणारे म्हातारे सुभानबाबा, माती मळणारी गजाबाई, भट्टी सांभाळणारा रायाजी आणि भात्यावरचे दोघे जुळे भाऊ. ओतशाळेची एक जुनी रीत होती, तिला पुसणी म्हणत. रस उतरवण्याआधी नायकाने एकेकापाशी जायचं आणि विचारायचं, "हरकत?" एकानेही "आहे" म्हटलं की भट्टी विझवायची, मग समोर कोणीही बसलेलं असो. धारोजीने ती रीत मोडली नव्हती हं. तो विचारायचा. फक्त कोणी "आहे" म्हटलं की त्याची अशी काही थट्टा करायचा की बाकीच्यांची हसून मुरकुंडी वळे आणि बोलणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. चार-पाच वर्षांत सगळे शहाणे झाले. हरकत? जी नायक, काही नाही. हरकत? जी नायक, काही नाही. धारोजीला वाटे, काय गुणी माणसं मिळाली आपल्याला!

ओतण्याचा मुहूर्त राजाने धरला. मांडव घातला, दरबार बसला, वाजंत्री आली. भट्टीत रस लाल होऊन पिवळा झाला. धारोजी पुसणीला निघाला. चौघे म्हणाले, जी नायक, काही नाही. पाचवे सुभानबाबा. ते साच्यावर तळहात ठेवून उभे होते.

"हरकत आहे," ते म्हणाले. "साचा ओला आहे, नायक. गार लागतो. आणखी दोन दिवस वाळू द्या."

राजाने भुवया वर केल्या. धारोजीची कानशिलं तापली, पण जीभ त्याची तयारच होती. "सुभाना," तो मोठ्याने म्हणाला, "साचा नाही गार. तुमचं वय झालं, तुमचे हात गार पडलेत."

दरबार हसला. वाजंत्रीवाले हसले. गजाबाई हसली, रायाजी हसला, जुळे भाऊ हसले. म्हातारा बाजूला झाला.

ओल्या साच्यात तापला रस पडला की काय होतं? पाण्याची वाफ होते, वाफ वाट शोधते, वाट नाही मिळाली तर साचा फोडते. तसंच झालं. मोठा आवाज झाला, मांडवाला भोक पडलं, कासं चहूकडे उडालं. साच्याच्या सर्वांत जवळ सुभानबाबा होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

राजा उठून उभा राहिला. "चूक कोणाची?"

आता ऐका, कारण या गोष्टीतली सगळ्यात लाजिरवाणी जागा हीच आहे. धारोजीने बोट उचललं. जमिनीवर हात धरून कळवळणाऱ्या म्हाताऱ्याकडे ते वळवलं आणि म्हणाला, "साचा सुभानाने केला होता, महाराज."

खोटं होतं का? नव्हतं. साचा सुभानबाबांनीच केला होता. असलं खरं बोलायला फार नीच व्हावं लागतं.

राजाने सुभानबाबांना नगराबाहेर काढलं. ते वेशीबाहेर पडले मात्र, इकडे ओतशाळेत पंख फडफडले. गजाबाई, रायाजी आणि दोघे भाऊ होते तिथे चार साळुंक्या बसल्या होत्या. दारात जोगीण उभी.

"हे काय केलंस?" धारोजी ओरडला.

"तुला हवं होतं तेच," जोगीण म्हणाली. "विचार त्यांना काही."

धारोजीने विचारलं, "तुम्ही माझीच माणसं का?"

"जी नायक," चौघी म्हणाल्या.

"की रानातली पाखरं?"

"जी नायक."

जोगीण म्हणाली, "एकवीस दिवसांनी ह्या आपण माणसं होतो हे विसरतील आणि उडून जातील. सोडवायच्या असतील तर तीन गोष्टी दरबारात आण. मुक्या तळ्याची माती, आग्या वेताळाचा निखारा, आणि ज्याचं बोलणं तू दाबलंस त्याची एक हरकत. हरकत नुसती ऐकू नकोस. पाळ." एवढं बोलून ती नाहीशी झाली.

तेवढ्यात गजाबाईची चार वर्षांची मुलगी आईला शोधत आली. तिला कसं कळलं देव जाणे, ती सरळ सगळ्यांत बारक्या साळुंकीपाशी गेली आणि म्हणाली, "आई." साळुंकीने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. "जी नायक," ती म्हणाली. धारोजीने तोंड फिरवलं. पण कान कुठे फिरवणार?

चार साळुंक्या खांद्यावर घेऊन तो निघाला आणि सहाव्या दिवशी मुक्या तळ्यावर पोचला. काठावर एक बगळा होता, माणसाच्या उंचीचा. तो म्हणाला, "माती हवी? मळून दाखव. गजाबाई मळते तशी."

धारोजीने बाह्या सारल्या. मळली, थापली, उन्हात धरली. तडकली. पाणी वाढवलं. पुन्हा तडकली. त्याने खांद्यावरच्या साळुंकीला विचारलं, "गजाबाई, तूस कमी पडलं का?"

"जी नायक."

"की जास्त झालं?"

"जी नायक."

"अगं, काहीतरी एक सांग ना!"

"जी नायक."

अकरा वर्षं ती त्याच्या ओतशाळेत माती मळत होती. ती मातीत काय घालते, किती वेळ मुरवते, त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. तिने सांगायला तोंड उघडलं असेल तेव्हा हा म्हणाला असेल, बाई, माती ती माती. तीन दिवस तो तडकलेले गोळे फेकत राहिला. चौथ्या दिवशी चिखलात बसून म्हणाला, "मला येत नाही. मला माहीतच नाही ती काय करते."

"आत्ता कसं!" बगळा म्हणाला. "ऊठ. आधी लीद वेचून आण. खडे दातांखाली बघायचे, बोटांनी नाही कळत. चुकलास की चोच मारीन."

मारल्या. मोजल्या नाहीत त्याने. पण माती घेऊन निघाला तेव्हा ती तडकत नव्हती.

तेराव्या दिवशी तो आग्या वेताळाच्या टेकडीवर चढला. वेताळाच्या डोक्यावर ज्वाळा होती, ती वाऱ्यावर हलत होती. त्याने धारोजीच्या उघड्या ओंजळीत निखारा ठेवला. "टेकडी उतरेपर्यंत बोलत राहा. खरं बोललास तर पोळणार नाही."

धारोजी म्हणाला, "मी माझ्या माणसांना नेहमी सांभाळून घेतलं." चर्र झालं. तो किंचाळला, पण निखारा टाकला नाही.

"बोल," वेताळ म्हणाला.

"कासं वितळवायची मूस निम्म्या लाकडात तापवायची युक्ती रायाजीची. राजाला मी माझी म्हणून सांगितली." निखारा गार राहिला. धारोजीने एक पाऊल टाकलं. "जुळ्या भावांची नावं मला अजून सांगता येत नाहीत. मोठ्याला मी मोठा म्हणतो, धाकट्याला धाकटा." दुसरं पाऊल. "रायाजीचा बाप गेला तेव्हा मी त्याला तिसऱ्या दिवशी बोलावणं धाडलं." तिसरं पाऊल. टेकडी मोठी होती हो. पायथा येईपर्यंत बोलायचं काही कमी पडलं नाही. खांद्यावरच्या साळुंक्या सगळं ऐकत होत्या आणि दर वाक्याला म्हणत होत्या, जी नायक, जी नायक. निखारा पोळत नव्हता तरी त्याच्या अंगाची लाहीलाही होत होती.

अठराव्या दिवशी तो वेशीबाहेरच्या एका वाडीत आला. दारात सुभानबाबांची लेक सगुणा धान्य पाखडत होती. तिने त्याला ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही. "बाबा भेटणार नाहीत," ती म्हणाली. धारोजी उन्हात उभा राहिला. दुपार कलली तेव्हा सुभानबाबा स्वतः बाहेर आले. उजवा हात कापडात गुंडाळलेला.

"काय पाहिजे?"

धारोजीने पायांवर डोकं ठेवलं. "सुभानबाबा, चुकलो. माफ करा."

"उठा," म्हातारा म्हणाला. "माझी हरकत आहे."

धारोजीने मान वर केली.

"हसवलंत ते भरल्या मांडवात. बोट दाखवलंत ते राजासमोर. आणि पाया पडायला आलात इथे, जिथे बघायला माझी लेक आणि दोन कोंबड्या! ही माफी मला नको. जिथे माझी मान खाली घालायला लावलीत तिथेच ती वर करा." एवढं बोलून ते आत गेले.

दरबारात बोलायचं? नायकी जाईल. कदाचित मानही जाईल. दोन दिवस तो वाटेवरच्या एका धर्मशाळेत बसून राहिला, खरं सांगतो, पळून जायचा विचार करीत. विसाव्या दिवशी त्याने साळुंक्यांना विचारलं, "जाऊ का दरबारात?" कोणी जी नायक म्हणालं नाही. त्या किलबिलल्या, नुसत्या पाखरांसारख्या. विसरायला लागल्या होत्या. तो उठला आणि धावत सुटला.

एकविसाव्या दिवशी दरबार भरला होता. त्याने माती ठेवली, निखारा ठेवला, आणि सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला.

"महाराज, त्या दिवशी सुभानबाबांनी मला थांबवलं होतं. मी त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं."

"ते आम्ही ऐकलं होतं," राजा म्हणाला.

"आणखी आहे." धारोजी म्हणाला. "मी सकाळी स्वतः साच्याला हात लावला होता. मलाही गार लागला होता. मला ठाऊक होतं. मांडव सजला होता, आपण येणार होतात, मला थांबवायची लाज वाटली. वाटलं, जमून जाईल. म्हाताऱ्याने तेच बोलून दाखवलं तेव्हा मला त्याचा राग आला. पुढे आपण चूक कोणाची विचारलंत, तेव्हा कोणाची ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो, आणि मी बोट त्याच्याकडे केलं."

मग त्याच्या खांद्यावरून बारीक आवाज आला. "एकटे नव्हतात."

ती बारकी साळुंकी बोलत होती. "माती मीच मळली होती. ओल मलाही दिसत होती. सुभानबाबा बोलले तेव्हा मी हसले." शेवटचा शब्द संपेपर्यंत फरशीवर गजाबाई उभी होती, तोंडावर पदर घेऊन रडत. मग रायाजी बोलला, मग दोघे भाऊ बोलले, प्रत्येकाला काही ना काही ठाऊक होतं. चौघे माणसं झाले. चौघांपैकी एकालाही वर बघवत नव्हतं.

कोपऱ्यातून जोगीण पुढे आली आणि राजाकडे बघत राहिली. राजा म्हणाला, "चूक कोणाची, एवढंच मी विचारलं. काय झालं, ते विचारलं नाही. आणि मुहूर्त माझाच होता." त्याने मुकुट काढून मांडीवर ठेवला. जोगिणीने मान हलवली आणि गेली. शाप उतरला.

धारोजीने नायकीची पगडी गजाबाईसमोर ठेवली. तिने ती उचलून परत त्याच्या हातात दिली. म्हणाली, "आम्हाला शिकवून ठेवलंत गप्प बसायला, आणि आता पळता? बसा इथे. आम्ही बोलू, तुम्ही ऐका."

राजा स्वतः वाडीवर जाऊन सुभानबाबांना घेऊन आला. घंटा त्या वर्षी ओतली गेली. दोनदा सुभानबाबांनी डावा हात साच्यावर ठेवून नाही म्हटलं, दोनदा भट्टी विझवली, दोनदा दरबार उपाशी घरी गेला. तिसऱ्या वेळी रस उतरला. घाटात घंटा वाजू लागली आणि धुक्यातून माणसं घरी येऊ लागली. ज्याची वाट त्याला सापडो, आणि ज्याची लाज त्याला वेळेवर वाटो.

नंतर नऊ वर्षं सुभानबाबा ओतशाळेत होते. काम चोख करीत, धारोजीच्या तोंडावर हरकत घेत, चांगलं झालं तर चांगलं म्हणत. फक्त संध्याकाळी घरी जाताना, वाट एकच असली तरी, ते धारोजीच्या सोबत कधी चालले नाहीत. धारोजी रोज दारात थांबून त्यांना पुढे जाऊ देई. चला म्हणायची त्याची कधी हिंमत झाली नाही.