विसावा सेल

घाटाखालच्या एका गावात मुकुंद ओतारी नावाचा एक हुन्नरी माणूस राहत होता. पोटापाण्यासाठी तो रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करी, पण जीव सगळा भंगारात. पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या तो शहरातल्या गॅरेजातून उचलून आणी. त्या उघडून आतले सेल वेगळे करी आणि त्यांतून दिवे, पंखे, देवळापुढचं कारंजं असं काहीबाही बनवी. गाव कौतुक करी. ते कौतुक मुकुंदला जेवणापेक्षा गोड लागे.

जुन्या सेलांची पारख मात्र त्याला पक्की होती. चार्जरवरून नुकताच उतरलेला सेल छाती काढून उभा असतो, त्याच्यावर भुलायचं नाही, असं तो म्हणे. म्हणून प्रत्येक सेल पूर्ण भरून, त्यावर मार्करने तारीख घालून, पंधरा दिवस फळीवर ठेवून द्यायचा आणि मग पुन्हा मोजायचा. ज्यातली वीज तोवर गळून गेली तो टाकून द्यायचा. एकाला एक जोडलेल्या सेलांच्या माळेत एक जरी कच्चा निघाला, तरी तो तापतो आणि सगळी माळ बंद पाडतो.

मुकुंदच्या शेजारी बाबू धोत्रे राहत होता. खाणीत दगड फोडून फोडून त्याच्या छातीत धूळ बसली होती. आता तो खाटेवर असे आणि विजेवरचं एक यंत्र त्याला नाकातल्या नळीतून प्राणवायू पुरवी. वीज गेली की त्याचा जीव घाबरा होई, आणि त्याची बायको तुळसाबाई पदराने वारा घालत बसे. मुकुंदला हे पाहवेना. त्याने चावडीवर सर्वांसमोर सांगितलं की वीज गेली तरी बाबूचं यंत्र चालेल अशी बॅटरीची पेटी मी करतो. गावाने त्याला शाल-नारळ द्यायचं ठरवलं. मन चांगलंच होतं त्याचं, हे खोटं नाही.

पेटीला वीस सेल लागत होते. फळीवरच्या अठ्ठावीस सेलांपैकी पारखीला उतरले एकोणीस. बाकीच्यांतला एक बरा वाटला, म्हणून मुकुंदने तो पुन्हा भरून फळीवर ठेवला. तिसऱ्याच दिवशी वायरमन सांगून गेला की मंगळवारी तारा बदलायच्या आहेत, सकाळी दहा ते दोन वीज बंद.

मुकुंदने तो सेल मोजला. आकडा झकास आला. येणारच, तीन दिवसांत काय कळतं? हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्याने सेलवरची तारीख पुसली, पंधरा दिवसांपूर्वीची घातली आणि तो विसावा सेल पेटीत बसवला. ती तारीख वाचणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे हा शहाणा माणूस स्वतःशीच खोटं बोलला.

सोमवारी तुळसाबाई दाराशी आली.

"मुकुंददादा, भाचा टेम्पो घेऊन तालुक्याला चाललाय. ऑक्सिजनची टाकी आणाय सांगू, का तुमच्या पेटीवर भागंल?"

मुकुंदने एकदा पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "टाकी कशाला, वहिनी? माझी पेटी आहे की."

तुळसाबाईने भाच्याला तसंच जाऊ दिलं.

मंगळवारी दहाला वीज गेली आणि पेटीवर यंत्र सुरू झालं. लोक डोकावून गेले, वाहवा करून गेले. मुकुंदही शेतावरचा एक पंप पाहायला निघून गेला. अकरा वाजून गेले आणि यंत्र बंद पडलं. तुळसाबाईने बटण दाबून पाहिलं, वायर काढून पुन्हा लावली. काही होईना. माणसं धावली, जीप मिळाली, बाबूला आत घातलं. तालुका बावीस किलोमीटर लांब होता. बाबू अर्ध्या वाटेतच गेला.

मुकुंद परतला तेव्हा पेटी कोपऱ्यात तशीच पडली होती. त्याने झाकण काढून सेलांवरून हात फिरवला. विसावा सेल अजून चटका देत होता.

दहाव्याला नदीवर सगळे जमले. तुळसाबाई येईल त्याला एकच सांगत होती की दादांची पेटी चांगली होती, मीच अडाणी, मीच कुठंतरी चुकीची वायर लावली, माझ्याच हातानं ते गेले. बायका तिला उगी करत होत्या. मुकुंदला ते ऐकवेना. तो पुढे झाला आणि मान खाली घालून त्याने कच्च्या सेलचं आणि खोट्या तारखेचं सगळं सांगितलं.

बायकांचे हात बाजूला करून तुळसाबाई त्याच्यासमोर आली. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"पेटी नसती झाली तरी मी काय म्हणणार हुते, दादा? नुसतं 'खात्री न्हाई' एवढं म्हणाला असता, तर मी टाकी आणली असती."

मुकुंद मागे वळला. लोक वाट सोडून बाजूला झाले आणि तो एकटाच घरी गेला.

तात्पर्य: मदत अपुरी पडली तर माणूस दुसरा आधार शोधतो, पण मनातली शंका झाकून खात्री देणारा त्याचा तो आधारही काढून घेतो.