केसलीचं रडणं

“...आणि तुम्ही नुसत्या बघत बसलात, बाई! ती म्हातारी माझ्या गळ्यात पडून हेल काढून रडतेय, अन् तुम्ही बाजेवर बसून पाय चोळताय!”

“पाय दुखतात म्हणून चोळले,” तबिथाबाई म्हणाल्या. “तू का ढकललंस तिला?”

तांड्याबाहेरच्या बाभळीखाली दोघं थांबले होते. ऊन मी म्हणत होतं. प्रबोध नवा सुवार्तिक. चर्चच्या मंडळीनं त्याला बाईंच्या हाताखाली शिकायला धाडलेला. बाईंचा उभा जन्म या बंजारा तांड्यांवर ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्यात गेलेला.

आज तांड्यावरच्या जुन्या जाणत्या केसलीनं त्याला विचारलं, घरधनीण कशी आहे? ‘प्रभूकडे गेली, बाळंतपणात,’ एवढं तो म्हणाला मात्र, म्हातारीनं त्याच्या गळ्याला मिठी घातली आणि गाऊन रडायला लागली. तांड्याची रीतच ती.

“आमच्यात असं रडत नाहीत, बाई. आम्हाला पुनरुत्थानाची आशा आहे.”

“बरं.”

“तिच्या कबरेपाशी मी स्वतः उपदेश केला. डोळ्यांतून टिपूस नाही! सगळी मंडळी म्हणाली, विश्वास असावा तर असा.”

“झोप लागते का रे?”

बायको गेल्यापासून प्रबोधच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. अंग शिणून शिणून चिंधी झालं होतं. पण ते सांगायचं कुणाला? आणि कोणत्या तोंडानं?

“तुझी आशा काय मिठाची आहे, दोन आसवांत विरघळायला?”

“थट्टा करू नका.”

“मेलेल्या लाजराला प्रभू घटकाभरात जिवंत उठवणार होता. ठाऊक होतं त्याला. तरी त्याच्या कबरेपाशी रडला...” बाईंनी पदरानं मान पुसली. “जन्मभर बायबलात वाचत होते मी ते. कळलं कधी? माझा थोरला गेला तेव्हा. केसलीच्या खांद्यावर.”

“ती तर ख्रिस्तीसुद्धा नाही!”

“नाही.”

“मी इथं पुन्हा येणार नाही. हे काम मला नको. उद्याच मंडळीला कळवतो.”

“कळव.”

तांड्यातून तो हेल अजून येतच होता.

“थांबली नाही अजून? आता कुणासाठी रडतेय?”

“तुझ्या बायकोसाठी.”

“पण... तिनं तिला कधी पाहिलंही नव्हतं.”

“नाही.”

“काय म्हणतेय?”

बाईंनी कान दिला. “म्हणतेय, लेकी, तुझी चूल कुणी विझवली गं... तुझ्या माणसाला ताट कोण वाढतंय...”

हेल चढला आणि मध्येच तुटला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तिथंच तुटला.

“अशी का अडतेय ती?” प्रबोधचा आवाज चिरकला.

तबिथाबाईंनी डोळे मिटले, बाभळीला पाठ टेकली.

“तिथं गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. जा, सांगून ये.”