ठशातलं नाक

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका बाजारगावी मार्जरी नावाची बाई चौकात छापील गाणी गाऊन विकायची. एकदा तिने खादाड सरदाराचं गाणं विकलं आणि थेट न्यायाधीशांपुढे उभी राहिली.

"गाण्यावरचं चित्र माझंच आहे!" न्यायाधीश सर गॉडफ्री गरजले. "तेच पोट, तेच नाक, नाकावरची चामखीळसुद्धा! भर चौकात फटके मारा हिला!"

म्हाताऱ्या कारकुनाने, ॲम्ब्रोझने, शिक्षा लिहायला लेखणी उचलली. तिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता, पण नाक हुबेहूब होतं.

मार्जरीने टोपलीतून पिवळा पडलेला कागद काढला. गाणं सैतानाचं, चित्र मात्र तेच.

"हुजूर, हा माझ्या आजीने विकलेला कागद. छापखान्यात गाणी बदलतात, लाकडी ठसा तोच राहतो. ती चामखीळ नव्हे, ठशाला लागलेली कीड आहे. आजीने हा विकला तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता. चित्र आपल्यावर गेलेलं नाही, हुजूर, आपणच चित्रावर गेलात!"



"फटक्यांचं कारण काय लिहू, हुजूर?" ॲम्ब्रोझने अदबीने विचारलं.

सर गॉडफ्रींनी हाताने नाक झाकलं. "सोडा तिला."

मार्जरी दाराशी पोचली, तेव्हा आजवर फक्त न्यायाधीशांना मान द्यायला उतरणारी ॲम्ब्रोझची टोपी तिच्यासाठी उतरली.