मंजुळेच्या घासाला थांबलेली पंगत

बोरखिंडीच्या वेशीवरच्या मठीत चाफेनाथ महाराज राहत, तेव्हाची ही गोष्ट. दर पौर्णिमेला तिथे पंगत बसे, आणि महाराज उठेपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही, असा रिवाज होता.

तुळसा कोष्टीण मात्र पंगतीला कधी येत नसे. तिची सात वर्षांची मंजुळा माळ्यावरून डोक्यावर पडली, तेव्हापासून तिला मान धरवेना, घास गिळवेना. पोर नुसती वाळत चालली होती. त्या पौर्णिमेला तुळसा तिला कडेवर घेऊन आलीच. प्रसाद पोरीच्या पोटात जावा, एवढंच तिचं मागणं.

पंगतीचे कारभारी गणोजीराव. आपली पंगत घटकाभरात उठते, याचा त्यांना कोण तोरा! ते म्हणाले, "अगं तुळसे, हिचं जेवण व्हायचं तर पुढची पौर्णिमा उजाडेल."

दोघेचौघे फिदीफिदी हसले.

"आण इकडे. महाराज बसायच्या आत आटपून टाकतो," म्हणत त्यांनी मंजुळेची मान मागे केली आणि पातळ कढण घडाघडा तोंडात ओतलं.

पोरीचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. तुळसा मठीकडे वळून ओरडली, "नाथबाबा, माझी पोर..."

महाराज मठीतून कधी आले, कुणाला कळलंच नाही. त्यांनी मंजुळेला पुढे वाकवलं, दत्ताचं नाव घेत पाठीवर थापा दिल्या, आणि पोर खोकून रडू लागली. तुळसेला ते रडणं आरतीहून गोड वाटलं.

पोर शांत झाल्यावर महाराजांनी तिला आपल्या शेजारी ताठ बसवलं, पाठीला उशी, हनुवटी जराशी खाली. मऊ भात वरणात घट्ट कालवला. "तुळसाबाई, घास बोराएवढा. गिळला की मगच दुसरा. आज मीही हिच्याच चालीने जेवणार."

मंजुळेचा एक घास, महाराजांचा एक घास. दोन घटका झाल्या तरी सगळे पानावरच.

"महाराज, अन्न गार झालं," गणोजीराव कुरकुरले.

"हात लावून बघा."

त्यांनी बोट लावलं आणि चटका बसून झटकलं. पानापानावर भात नुकता वाढल्यासारखा वाफाळत होता!

गणोजीरावांची मान खाली गेली. महाराजांनी मंजुळेच्या भाताची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोराएवढा घास भरवला आणि थांबले. मंजुळेने सावकाश गिळला.

"चुकलो, महाराज," म्हणत त्यांनी तिथेच डोकं टेकवलं.

"उठा आधी," महाराज हसून म्हणाले, "पोर आ करून बसलीय."