पाठीवर हात ठेवण्याआधी

एका बाजारगावात बैलांची पारख असलेला एक म्हातारा राहत होता. त्या बाजारात सौदा ठरला तरी कासरा लगेच गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे. आधी एखाद्या जाणत्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवून 'माझी ग्वाही' म्हणायचे. बैल खोटा निघाला तर लोक विकणाऱ्याला विसरत, ग्वाही देणाऱ्याला नाही.

एके दिवशी म्हाताऱ्याचा मेहुणाच बैल घेऊन आला. बैल देखणा होता. गिऱ्हाईकही मिळाले. तो शेजारच्या गावचा तरुण होता. त्याचा एक बैल साप चावून मेला होता आणि पेरणी तोंडावर आली होती.

तो म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, तुमची ग्वाही असंल तर आत्ता नेतो."

म्हाताऱ्याने दात पाहिले, खूर पाहिले. पण हात पाठीवर ठेवला नाही.

मेहुणा कानाशी लागला. "दाजी, दोन शब्द बोला की. तुमचं काय जातंय?"

"नाव जातंय. मी हा बैल औताला बघितला नाही."

त्याने तरुणाला पुढच्या बाजारी यायला सांगितले. लोक हसले. बायकोच्या भावाला नाही म्हणालास, आता घरी जेवण मिळतंय का बघ, असे एकाने सुनावलेही. ते खरेच झाले. बायकोने भाकरी ताटात आपटली आणि बोलणे बंद केले.

सकाळी म्हाताऱ्याने मेहुण्याला सोबत घेतले आणि तो बैल स्वतःच्या रानात आपल्या बैलाच्या जोडीला डावीकडे जुंपला. बैल थोडा चालला आणि मटकन बसला.

मेहुण्याने मान खाली घातली. "घरीबी असाच बसायचा. म्हणून तर विकायला काढला."

"कुठल्या बाजूला जुंपायचास?"

"डावीकडं."

"आधीचा मालक?"

मेहुण्याने ते विचारलेच नव्हते. कुणीतरी ग्वाही दिली आणि त्याने बैल घेतला होता.

काही बैलांना जोडीत एकाच बाजूची सवय असते, हे म्हाताऱ्याला ठाऊक होते. त्याने बैल उठवून उजवीकडे जुंपला. बैल चालू लागला. ऊन चढेपर्यंत चालला. पुढे आठवडाभर म्हाताऱ्याने त्याला रोज हाकला. तो पुन्हा बसला नाही.

पुढच्या बाजारी तरुण आला. म्हातारा बोलणार तोच मेहुणा पुढे झाला. "हा माझ्याकडं बसत होता. मी चुकीच्या बाजूला जुंपला. डावीकडं घालणार असशील तर घेऊ नकोस."

"मेला तो उजवाच होता," तरुण म्हणाला आणि त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले.

म्हाताऱ्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "उजवीकडं चालतो. एवढ्याची माझी ग्वाही."

तरुणाने कासरा घेतला. त्याची पेरणी वेळेवर झाली.

तात्पर्य एवढेच: ग्वाही म्हणजे आपले नाव दुसऱ्याच्या हाती देणे. जेवढे स्वतः पारखले, तेवढ्यालाच नाव द्यावे. मग माणूस आपला असो वा परका.